तालमीत ऐकलेले एक वाक्य

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी प्रशिक्षण विभागाचे काम पाहते. गेल्या डिसेंबरात तिथल्या एका तरुण सुपरवायझरने आपल्या लाइनवरच्या एका जुन्या ऑपरेटरला वारंवार उशिरा येण्याबद्दल पत्र दिले. ऑपरेटरची नोकरी २२ वर्षांची, सुपरवायझरची ३ वर्षांची. पत्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले होते आणि खरे सांगायचे तर गेल्या दहा वर्षांत आमच्या कचेरीतून बाहेर पडलेल्या कोणत्याही पत्रापेक्षा ते चांगले होते. शुद्धलेखन निर्दोष, सूर अदबीचा, ‘आपल्या प्रदीर्घ सेवेविषयी आम्हांला नितांत आदर आहे’ अशी सुरुवात, मग मुद्दा, शेवटी मदतीची तयारी. त्या गृहस्थांनी ते दोनदा वाचले, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवले आणि विचारले, “साहेब, हे तुम्ही लिहिलंय का?”

संध्याकाळी सुपरवायझर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “मॅडम, ह्यात चुकलं काय ते तरी सांगा,” म्हणाला. मी पत्र वाचले, पुन्हा वाचले, चूक सापडेना. मग मी त्याला विचारले, “काका सध्या गेज कुठल्या हातात धरतात?” त्याला सांगता येईना. काकांचा उजवा खांदा धरला होता, गेले सहा आठवडे ते जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, माप घेण्याचे गेज डाव्या हातात धरून तपासत होते आणि सकाळी फिजिओथेरपी करून यायला त्यांना पाऊण तास उशीर होत होता. कँटीनमध्ये त्यांना डाव्या हाताने जेवताना पाहून मी सहज चौकशी केली होती, म्हणून मला हे ठाऊक. सुपरवायझर रोज आठ तास त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा असे.

मुलगा हुशार आहे, मनाने चांगला आहे, आणि त्याने काही वावगे केले असे मला आजही वाटत नाही. पूर्वी असे पत्र लिहायला बसले की अर्धा तास मोडायचा, त्या अर्ध्या तासात समोरच्या माणसाचा विचार नाइलाजाने करावा लागायचा, ‘प्रदीर्घ सेवा’ हे शब्द लिहिताना ती किती वर्षांची ते तरी फाइलीत बघावे लागायचे. आता पत्र अर्ध्या मिनिटात मिळते आणि तो नाइलाजही संपतो. माणसांना हाताखाली घेऊन काम करणाऱ्यांपुढे एआयने उभा केलेला खरा प्रश्न मला इथे दिसतो. यंत्र आपली नोकरी घेईल की नाही, हा दुसरा प्रश्न. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

‘एआयच्या युगात नेतृत्व घडवायचे तर कलेची कास धरावी लागेल’ असे हल्ली व्यवस्थापनाच्या परिसंवादांत ऐकू येऊ लागले आहे. ते ऐकले की मला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते, कारण त्या वाक्याच्या पाठोपाठ शुक्रवारी दुपारी एखादा कार्यक्रम येतो: प्रत्येकाला एक छोटा कॅनव्हास, तीन रंग, एक ॲप्रन, शेवटी सर्वांचा एकत्र फोटो आणि सामोसे. त्यात वाईट काही नाही, पण त्याला सहल म्हणावे. कलेतून नेतृत्वाला काही मिळते ते तिच्या कंटाळवाण्या भागातून मिळते, म्हणजे तालमीतून, रियाजातून, एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा बघत बसण्यातून, असे माझे मत आहे. आणि ते बनले त्याला कारण एक वर्गखोली आहे.

मी चित्रकार नाही आणि नटीही नाही. १९९७ आणि १९९८ अशी दोन वर्षे महाविद्यालयाच्या संघातून पुरुषोत्तम करंडकाला बॅकस्टेज केले, एवढेच माझे कलाक्षेत्रातले भांडवल. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा पुण्यात भरवते. भरत नाट्य मंदिरात पडद्याआधी ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी ज्याने एकदा ऐकली आहे, त्याला पुढचे वर्णन करायची गरज नाही, आणि ज्याने ऐकली नाही त्याला वर्णनाने समजणार नाही. पण स्पर्धेचा तो एक तास अगदी शेवटचा. त्याआधी दीड-दोन महिने संध्याकाळी सहानंतर एका वर्गात बाके भिंतीला सरकवून, दाराची आणि सोफ्याची जागा जमिनीवर खडूने आखून तालीम चाले.

आमचा दिग्दर्शक तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता, म्हणजे वय वीस. एका प्रवेशात घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि पेपर वाचणारा बाप मान वर न करता विचारतो, “का आलास?” मुलाने उत्तर द्यायचे, “सहज.” दोन शब्द आणि एक शब्द. ह्या तीन शब्दांवर त्या संध्याकाळी दिग्दर्शकाने दीड तास घालवला. मुलाचे काम करणारा नट कधी आवाज खाली आणून बघे, कधी गळा दाटून आणे, कधी हातातली पिशवी खाली ठेवून मग बोले, आणि दिग्दर्शक प्रत्येक वेळी थांबवे. शेवटी नट चिडला. तेव्हा दिग्दर्शक त्याच्याजवळ जाऊन, मला जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, “तू त्याचं ऐकतच नाहीयेस. तू तुझ्या वाक्याची वाट बघतोयस.”

व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात मी नंतर पुष्कळ काही ऐकले आणि पुष्कळ काही शिकवले, पण त्या वाक्याच्या जवळपास जाणारे काही मला आढळले नाही. आमच्या कोणत्याही आढावा बैठकीत जाऊन बसा. दहा माणसे असतील तर नऊजण आपल्या वाक्याची वाट बघत असतात आणि दहावा मोबाइल बघत असतो. आता तर वाक्यही तयार मिळते. बैठकीला येण्याआधी सहा मुद्दे काढून घेतले जातात, ते सुसंगत असतात, कधी कधी खरोखर चांगले असतात, आणि त्यामुळे समोर काही नवीन घडले तरी त्या सहा मुद्द्यांना धक्का लागत नाही. ऐकण्याची सवय मुळात कच्ची होती. तिची उरलीसुरली गरजही संपल्यासारखी झाली.

माझ्याकडे त्या एकांकिकेत प्रकाशाचे काम होते. शेवटी मुलगा निघून जातो, बाप पेपर खाली ठेवतो, रिकाम्या दाराकडे बघतो आणि हळूहळू अंधार होतो. तालमीत हे चाळीस वेळा झाले असेल. स्पर्धेच्या दिवशी डिमरवरचा माझा हात कापला आणि बापाने पेपर खाली ठेवण्याआधीच मी अंधार केला. दोन सेकंदांची चूक. दीड-दोन महिन्यांची त्या नटाची मेहनत त्या दोन सेकंदांत होती आणि ती कोणालाच दिसली नाही. विंगेत तो माझ्याजवळ आला तेव्हा मला रडू फुटले होते. तो फक्त म्हणाला, “तू मोजत होतीस ना?” मी खरेच मोजत होते. एक ते आठ आकडे मोजून अंधार करायचा असे मी कागदावर लिहून ठेवले होते, आणि त्या दिवशी तो नेहमीपेक्षा सावकाश होता हे मी बघितलेच नव्हते.

‘बघणे’ हा शब्द इथे पुन्हा आला आहे, तेव्हा त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत अर्विन ब्रेव्हरमन नावाचे त्वचारोगतज्ज्ञ शिकवत असत. विद्यार्थ्यांना पुस्तकी ज्ञान भरपूर आहे पण रुग्णाकडे बघताना समोरचे दिसत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी आणि तिथल्या ब्रिटिश चित्रसंग्रहालयाच्या लिंडा फ्रीडलेंडर यांनी मिळून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेले, प्रत्येकाला एक चित्र नेमून दिले, चित्राचे नाव-गाव वाचू न देता त्याच्यासमोर उभे केले आणि नंतर त्याचे वर्णन करायला लावले. अट एकच: जे दिसते ते सांगायचे. ‘ही बाई दुःखी आहे’ म्हटले की विचारायचे, कशावरून? खांदे कसे आहेत, नजर कुठे आहे, हात काय करतो आहे? ह्या विद्यार्थ्यांनी पुढे रुग्णांच्या छायाचित्रांतले बारकावे इतरांपेक्षा अधिक टिपले, आणि तो अभ्यास २००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मी हाच प्रयोग जानेवारीत आमच्या सुपरवायझरांवर केला. चित्र निवडले ते सावळाराम हळदणकरांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे. सावंतवाडीत जन्मलेल्या ह्या चित्रकाराने ते १९४५-४६च्या सुमारास जलरंगात केले, आपल्या मुलीलाच समोर उभे करून, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक घरांत ते राजा रविवर्म्याचे म्हणून टांगलेले असते, वास्तविक रविवर्मा १९०६ सालीच वारले. मी नाव न सांगता मोठी प्रत भिंतीवर लावली आणि दहा मिनिटे नुसते बघा म्हटले. दुसऱ्या मिनिटाला चुळबुळ सुरू झाली. चौथ्या मिनिटाला एकाने मोबाइल काढून चित्राचा फोटो घेतला आणि यंत्राला विचारून ‘भारतीय स्त्रीत्वाचे, आशेचे आणि मांगल्याचे प्रतीक’ असे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. उत्तराला नावे ठेवण्यासारखे काही नव्हते. मी विचारले, “ह्यातलं चित्रात कुठं दिसतं?”

मग हळूहळू सुरुवात झाली. कोणी म्हणाले साडीचा काठ, कोणी म्हणाले चेहऱ्याची एक बाजू उजळ आहे. सातव्या-आठव्या मिनिटाला टूलरूममधला एकजण, जो प्रशिक्षणात सहसा तोंड उघडत नाही, तो म्हणाला, “तिनं दिव्यापुढं हात धरलाय. आणि बोटं लाल दिसतायत, कारण उजेड मागनं येतोय.” खोलीतले सगळेजण पुढे सरकले. प्रत्येकाने लहानपणी वीज गेल्यावर मेणबत्तीपुढे किंवा टॉर्चवर हात धरून ही लाल बोटे पाहिलेली असतात. चित्रात मात्र आठ मिनिटे समोर असूनही ती दिसली नव्हती. चित्राचा सगळा उजेड त्या हाताच्या आडून येतो हे कळल्यावर कोणी ‘मांगल्य’ हा शब्द पुन्हा काढला नाही. तो खोटा होता असे नाही. त्याची घाई झाली होती.

नाव देण्याची घाई हाच आमच्या क्षेत्रातला जुना रोग आहे. ‘शिस्तीचा प्रश्न’, ‘ॲटिट्यूडचा प्रश्न’, ‘उशिरा येणारा’. एकदा नाव दिले की पुढचे पत्र लिहायला यंत्र तयारच असते, कारण नाव दिलेल्या प्रश्नांवर ते उत्तम काम करते. नाव देण्याच्या आधीचा जो काळ असतो, जेव्हा फक्त डाव्या हातातले गेज दिसते आणि त्याचा अर्थ अजून लागलेला नसतो, तेवढा काळ तग धरण्याची सवय चित्रासमोर बसून लागते. दुसऱ्या कशाने लागत असेल तर मला आनंदच आहे.

पुढच्या सत्रात आम्ही नाटक केले. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी रूढ केलेला प्रकार आहे: एक छोटा प्रसंग करून दाखवायचा, ज्यात एखाद्याचे चुकते, आणि मग तोच पुन्हा सुरू करून प्रेक्षकांना मुभा द्यायची की ‘थांबा’ म्हणून उठायचे आणि त्या माणसाच्या जागी जाऊन वेगळे काही करून बघायचे. बोआल पुढे रिओ दि जानेरोच्या नगरपरिषदेवर निवडून गेले आणि लोकांबरोबर अशीच नाटके करत त्यातून कायद्यांचे मसुदे काढू लागले. आमचा हेतू इतका मोठा नव्हता. आम्ही पत्राचाच प्रसंग घेतला, अर्थात माणसे बदलून, आणि ऑपरेटरचे काम देखभाल विभागातल्या एका फिटरने केले. हा गृहस्थ कुडाळकडचा आणि तरुणपणी दशावतारात काम केलेला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते आणि संवाद रंगमंचावर उभ्या-उभ्या करायचे असतात, त्यामुळे समोरचा काय बोलेल ते माहीत नसताना त्याच्याकडे लक्ष देऊन उभे राहणे त्याच्या अंगात मुरलेले.

एकामागून एक सहाजण उठले. सहाही जणांनी खुर्चीत बसल्याबसल्या बोलायला सुरुवात केली. कोणी सहानुभूतीने, कोणी कडक, एकाने तर व्यवस्थापनाच्या पुस्तकातली पायरी-पायरीची पद्धत वापरली आणि फिटरने त्याला तितक्याच पायऱ्यांनी “हो साहेब, हो साहेब” म्हणत बाहेर काढले. सातवी उठली ती असेंब्ली लाइन सांभाळणारी एक मुलगी. तिने आधी समोरची खुर्ची उचलून फिटरच्या बाजूला ठेवली, म्हणजे दोघेही एकाच दिशेला तोंड करून बसले, आणि ती गप्प राहिली. किती वेळ ते मी मोजले नाही. मोजायचे नाही हे मी शिकले आहे. फिटरने आधी तिच्याकडे पाहिले, मग समोर पाहिले, मग खांदा चोळला आणि म्हणाला, “सकाळी बस मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.” खांद्याचे त्याला कोणी सांगितले नव्हते, हात आपसूक तिकडे गेला, असे तो नंतर म्हणाला.

ह्या सगळ्यावर एक आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो खरा आहे. कला माणसाला चांगला नेता बनवते असा काही नियम नाही. नाटकवाल्यांत राहिलेल्या कोणालाही हाताखालच्या मुलांवर खुर्च्या फेकणारे, श्रेय आपल्याकडे ओढणारे दिग्दर्शक आठवतील. गाण्यात तर शिष्याला वर्षानुवर्षे झुलवत ठेवणाऱ्यांच्या कथा कौतुकाने सांगितल्या जातात, ज्यात कौतुक करण्यासारखे मला काही दिसत नाही. बघता आणि ऐकता येणे ही एक क्षमता आहे आणि ती वाईट कामालाही वापरता येते. आमचे एक वरिष्ठ मला नेहमी विचारतात की ह्या तासांचा हिशेब रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, टक्क्यांत दाखवता येईल का. येणार नाही, असे मी त्यांना सांगते, आणि पुढच्या तिमाहीचे तास थोडे कमी करून घेते.

यंत्राशी माझे भांडणही नाही. सुरक्षेच्या इंग्रजी सूचना मराठी आणि हिंदीत आणण्याचे काम आता तासाभरात होते, ज्याला पूर्वी आठवडा लागे, आणि त्या सूचना माणसांच्या बोटांशी निगडित असतात. पण एक गोष्ट त्याच्याकडून होत नाही, आणि ती मला पुन्हा पुरुषोत्तमच्याच निमित्ताने उमगली. २०२२ साली अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडकाला पात्र ठरावी अशी एकही एकांकिका नाही असा निर्णय दिला आणि करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. मी तेव्हा मुलांच्या बाजूने होते. रात्र-रात्र तालमी केलेल्या पोरांना असे परत पाठवणे मला निर्दयपणाचे वाटले होते आणि थोडेसे अजूनही वाटते. तरी आज त्या निर्णयाकडे मी वेगळ्या नजरेने बघते. उपलब्ध असलेल्यांतून पहिला, दुसरा, तिसरा लावणे यंत्राला सहज जमेल. ‘पहिला आहे, पण पुरेसा नाही’ असेही ते म्हणेल, तसे म्हणायला सांगितले तर. मात्र ते म्हटल्यावर स्वतःच्या नावानिशी सभागृहाबाहेर यायचे, चिडलेल्या पोरांच्या नजरेला नजर द्यायची, वर्तमानपत्रांतली टीका वाचायची आणि तरीही आपल्या मोजमापाशी उभे राहायचे, किंवा ते चुकले असे वाटले तर तसे कबूल करायचे, हे माणसालाच करावे लागते. कारखान्यात हा प्रसंग दर महिन्याला येतो. जॉब मापात बसतो, कागद बरोबर असतात, गाडी दारात उभी असते, आणि एखाद्याला पृष्ठभागावरून अंगठा फिरवून म्हणावे लागते की हा माल जाणार नाही.

तो अंगठा कुठे तयार होतो, ह्याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. काहींचा वर्षानुवर्षे यंत्रावर उभे राहून होतो. ज्यांना थेट अधिकारी म्हणून आणले जाते आणि पहिल्या दिवसापासून तयार उत्तरे हाताशी असतात, त्यांच्यासाठी मला सध्या तरी खडूने आखलेली ती खोलीच सुचते, जिथे तीन शब्दांसाठी दीड तास देणे कोणाला वेडेपणाचे वाटत नाही.

पत्राचे पुढे असे झाले की सुपरवायझर दुसऱ्या दिवशी काकांच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. काय बोलला ते मी विचारले नाही. काकांनी दुसऱ्या पाळीतल्या एकाशी महिनाभरासाठी पाळी बदलून घेतली, आणि सुपरवायझरने ते पत्र परत मागितले, तेव्हा त्यांनी दिले नाही. “राहू द्या साहेब,” म्हणाले, “पोरगं बारावीला आहे. मराठी चांगलंय ह्यातलं, त्याला दाखवतो.”